सुवर्णदुर्ग फोटोत मोठा कसा होतो?

हर्णै बंदराचे दोन फोटो शेजारी ठेवा. पहिल्यात रंगवलेली होडी ठसठशीत पुढे आहे आणि तिच्यामागे सुवर्णदुर्ग म्हणजे पाण्यावरची एक करडी पट्टी. दुसऱ्यात तीच होडी, आकाराने तेवढीच, पण किल्ल्याची तटबंदी तिच्या डोक्यावर येऊन उभी राहिलेली. दोन्ही फोटो खरे आहेत, कोणी कॉम्प्युटरवर काही चिकटवलेलं नाही. तरी पहिला फोटो होडीवाल्याची गोष्ट सांगतो आणि दुसरा, जुन्या इतिहासाच्या सावलीत जगणाऱ्या गावाची.

फरक पडला तो फोटो काढणारा कुठे उभा होता त्यामुळे. हिशेब करून बघू. समजा होडी तुमच्यापासून १० मीटरवर आहे आणि किल्ला ५०० मीटरवर. आता ९० मीटर मागे या. होडी १०० मीटरवर गेली, म्हणजे दहापट लहान दिसणार. किल्ला ५९० मीटरवर गेला. त्याला फारसा फरकच पडला नाही. आता झूम करून होडी पुन्हा पहिल्याएवढी केलीत की सगळं चित्र दहापट वाढतं, आणि किल्ला आधीच्या सुमारे साडेआठ पट मोठा होऊन बसतो. लोक याचं श्रेय मोठ्या लेन्सला देतात. लेन्स फक्त चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करून देते. पुढची वस्तू आणि मागची वस्तू यांचं प्रमाण तुमच्या पायांनी ठरतं.

कविता कशी वाचायची हे शाळेत शिकवतात. चित्र कसं वाचायचं हे फारसं कोणी शिकवत नाही, आणि आजची मुलं दिवसभरात कवितेच्या ओळींपेक्षा कितीतरी जास्त चित्रं बघतात. कोकणाच्या बाबतीत मला हे फार लागतं. माड, निळं पाणी, मावळता सूर्य, लाल मातीची वाट एवढ्या चार गोष्टींत आपला अख्खा किनारा बसवला गेलाय. बाहेरून आलेल्यांनी तो तसा बसवला, आणि आता गावातली पोरंही मोबाइल काढून तेच काढतात. त्यामागे कोणते निर्णय असतात ते एकदा कळलं की वेगळे निर्णय घेता येतात.

उजेडापासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे त्याचा एक पक्का नियम आहे. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून बसलाय. सकाळचा सूर्य सह्याद्रीकडून, म्हणजे जमिनीच्या बाजूने येतो, आणि संध्याकाळचा समुद्रातून. हर्णैला उन्हं कलल्यावर मासळीचा लिलाव रंगतो. त्या वेळी पुळणीवर उभं राहून समुद्राकडे कॅमेरा केला की ऊन थेट समोरून येतं. आकाश इतकं उजळ असतं की कॅमेरा त्याला सांभाळायला जातो आणि माणसं काळी पडतात. डोक्यावर पाटी घेतलेली एक आकृती, मागे केशरी पाणी. फोटो सुंदर दिसतो, वादच नाही. पण त्या बाईचं नाक, डोळे, वय, कपाळावरचा घाम सगळं गेलं. ती आता कोणी एक बाई राहिली नाही. ती ‘कोळीण’ झाली, कॅलेंडरवर असते तशी.

आता तिच्या पलीकडे, पाण्याच्या बाजूला जा आणि मागे वळा. सूर्य तुमच्या पाठीला आला, ऊन तिच्या तोंडावर पडलं. चेहरा दिसायला लागला, आणि तिच्यामागे समुद्राऐवजी बर्फाच्या लाद्या, प्लॅस्टिकचे क्रेट, उभे टेम्पो आणि बोटं उंचावून बोली लावणारे व्यापारी आले. निसर्गाचा फोटो धंद्याचा फोटो झाला. वेळ तीच, माणूस तोच, फोटो काढणारा फक्त पलीकडे जाऊन अर्धा वळला. चौकटीत काय घेतलं याच्याइतकाच अर्थ चौकटीबाहेर काय ठेवलं त्यातून तयार होतो. पर्यटनाच्या जाहिरातीत टेम्पो का नसतो आणि मच्छीमारांच्या प्रश्नावरच्या बातमीत केशरी आकाश का नसतं, याचं उत्तर या अर्ध्या वळण्यात आहे.

पावसाळ्यात हा झगडा मिटतो. ढगांतून उजेड सगळीकडून सारखा झिरपतो, कडक सावल्या पडत नाहीत. चेहऱ्यासाठी याहून चांगला उजेड नाही, हे माझं ठाम मत आहे. दुपारच्या बाराच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत सावली साचते आणि भला माणूसही रागीट दिसतो. आषाढातल्या पडवीत तोच माणूस मऊ दिसतो. स्वभाव बदलला नाही, उजेडाचा कोन बदलला.

रंगाचंही तसंच. उजेडाचा रंग, म्हणजे रंगतापमान, केल्विनमध्ये मोजतात. दिव्याच्या ज्योतीचा उजेड सुमारे १९०० केल्विनचा, पिवळट तांबूस. दुपारच्या उन्हाचा साधारण ५५०० केल्विनचा, पांढरा. मोबाइल आपोआप रंग ‘सुधारतो’, म्हणजे सगळं पांढऱ्याकडे ओढतो. त्यामुळे देवघरातल्या समईचा फोटो बरेचदा बँकेतल्या ट्यूबलाइटखाली काढल्यासारखा येतो. फोनच्या कॅमेऱ्यात रंगतापमान हाताने ठरवायची सोय असेल तर ते दिवसाच्या उजेडावर ठेवा. समईचा पिवळेपणा शाबूत राहील.

आता उंची. मासळीबाजारात विकणारी बसलेली असते आणि घेणारा उभा. उभ्याने फोटो काढला की कॅमेरा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी बघतो: खाली मासळी, खाली बाई, तिची मान वर केलेली. उकिडवे बसून तिच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा आणला की ती समोरासमोर येते. आणखी खाली, पाटीच्या कडेला टेकवला तर तीच बाई चौकटीत डोंगराएवढी होते आणि गिऱ्हाइकाचे नुसते पाय दिसतात. सिनेमावाले राजाला खालून आणि भेदरलेल्या मुलाला वरून दाखवतात ते याच कारणाने. पण खालून दाखवलं की माणूस नेहमीच मोठा वाटतो, असं सूत्र करू नका. सगळा सिनेमा खालूनच काढला तर बघणाऱ्याला त्याची सवय होते आणि परिणाम संपतो. आधीच्या चित्राशी तुलना झाली तरच कोन बोलतो.

असाच एकदा बाजारात उकिडवा बसून मी विचारलं, “मावशी, एक फोटो काढू काय?” तिने हातातला सुरमईचा तुकडा पाटीत ठेवला, पदर सारखा केला, हनुवटी वर घेतली आणि एकदम गंभीर झाली. म्हणाली, “हां, काढ.” मघापासून गिऱ्हाइकांची फिरकी घेणारी बाई गेली आणि तिच्या जागी तिच्या मनातली फोटोतली बाई येऊन बसली. तेवढ्यात कोणीतरी मांदेलीच्या वाट्याचा भाव अर्ध्यावर मागितला. ती गर्रकन वळली, हात हवेत, भुवया वर, “फुकट नेतोस काय रे?” आणि फोटो तो झाला.

यातला पहिला खोटा आणि दुसरा खरा, असं मात्र मी म्हणणार नाही. पदर सारखा करणं हाही तिचाच निर्णय आहे. जगाने आपल्याला कसं बघावं हे ती सांगत होती. कॅमेऱ्यासमोर प्रत्येक माणूस काहीतरी सादर करतो. जुन्या घरांच्या माजघरातले फोटो आठवा. मुंबईला गेलेला चाकरमानी स्टुडिओत जाऊन फोटो काढून घ्यायचा आणि गावी पाठवायचा. मागे रंगवलेल्या पडद्यावर खांब आणि जिने, बाजूला उंच टेबलावर फुलदाणी, अंगात कोट, हात खुर्चीच्या पाठीवर. तो राहत असेल एका खोलीत दहा जणांबरोबर, पण फोटो आईसाठी होता. ‘माझं बरं चाललंय’ हे त्या खांबांनी आणि कोटाने सांगायचं होतं. चेहऱ्यावरच्या ताठपणाला तांत्रिक कारणही आहे. १८३९ साली फोटोग्राफी जगासमोर आली तेव्हा एका चित्रासाठी काही मिनिटं न हलता बसावं लागे. पुढे तंत्र सुधारलं, क्षणात फोटो निघू लागले, पण ‘फोटोत हलायचं नाही’ ही रीत पुढची कित्येक दशकं टिकली.

एकट्या फोटोचं झालं. सिनेमात एका चित्रापाठोपाठ दुसरं येतं आणि इथे खरी जादू घडते. १९२० च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशॉव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. इव्हान मोजुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचं एकच चित्रण घेतलं आणि त्याला वेगवेगळ्या दृश्यांच्या शेजारी जोडलं: एकदा सूपची बशी, एकदा शवपेटी. तिसऱ्या दृश्याची वर्णनं वेगवेगळी सापडतात. बघणाऱ्यांनी नटाची तारीफ केली: सूप बघताना भूक किती छान दाखवली, शवपेटीपुढे दुःख किती खोल! चेहरा तर तोच होता. भूक आणि दुःख बघणाऱ्याने स्वतःच्या मनातून आणून त्याच्यावर ठेवलं होतं.

आपल्या किनाऱ्यावर हे करून बघायला सोपं आहे. दर वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. बोटी वर ओढून झाकून ठेवतात. पावसात भिजणाऱ्या अशा एका झाकलेल्या बोटीचा पाच सेकंदांचा शॉट घ्या. त्याच्याआधी रिकामा मासळीबाजार दाखवलात तर बोट उदास वाटेल, काहीतरी बंद पडल्यासारखी. आधी पडवीत जाळं शिवणारे हात दाखवलेत तर तीच बोट विश्रांती घेतेय, पुढच्या हंगामाची तयारी चाललीय असं वाटेल. आधी एखाद्या बाईचा दाराकडे बघणारा चेहरा दाखवलात तर बघणारा मनात एक अख्खी दुर्घटना रचून मोकळा होईल. बोटीचा शॉट एकदाही बदललेला नाही. म्हणूनच बातम्यांत किंवा निवडणुकीच्या व्हिडिओत कोणाच्या चेहऱ्यानंतर काय दाखवलं हे डोळ्यांत तेल घालून बघावं.

चित्राला चित्र जोडून गोष्ट सांगणं आपल्याला कोणी परदेशातून आणून दिलेलं नाही, हे मला अभिमानाने सांगायचंय. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. रामायण-महाभारतातल्या आख्यानांची चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ चिकटवलेली, त्यांचा गठ्ठा म्हणजे पोथी. कथेकरी एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो, वाद्यांच्या साथीने गातो, बोलतो, मग पुढचं चित्र. चित्रातले डोळे मोठे, चेहरे बहुतेक एका बाजूने दिसणारे, त्यामुळे कोण कोणाकडे बघतोय हे लांबूनही कळतं. चित्र किती वेळ धरायचं हे कथेकऱ्याच्या हातात. युद्धाच्या वेळी भराभर बदलायचं, विलापाच्या वेळी एकाच चित्रावर थांबून स्वर लांबवायचा. सिनेमाचा संकलक टेबलावर बसून हेच ठरवतो. याच गावात चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्याही आहेत. बाहुली पडद्यापासून मागे, दिव्याकडे नेली की सावली मोठी आणि कडांना धूसर होते, आणि राक्षस अंगावर येतो. क्लोज-अपचा परिणाम साधायला तिथे कॅमेरा लागलाच नाही. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा अनेकांनी ही कला पहिल्यांदा ऐकली, याचं मला वाईट वाटतं.

चेहऱ्याची दिशा हा मुद्दा सिनेमात फार काटेकोरपणे पाळतात. दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीचं उदाहरण घ्या. एक मुलगा घर सोडून निघालाय. तुम्ही फेरीच्या एका कठड्याला उभं राहून त्याला डावीकडून उजवीकडे जाताना टिपलंत. मग ‘इकडून दृश्य बरं दिसतंय’ म्हणून दुसऱ्या कठड्याला गेलात आणि पुढचा शॉट घेतलात. फेरी सरळच चाललीय, पण पडद्यावर मुलगा आता उजवीकडून डावीकडे जातोय. बघणाऱ्याला वाटतं, हा परत फिरला. म्हणून चित्रीकरण करणारे मनात एक रेघ आखतात आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवतात. दोन माणसं बोलत असतील तर ती रेघ त्यांच्या नजरांमधून जाते. ती मोडायची असेल तर मुद्दाम मोडावी, मुलाच्या मनातला गोंधळ दाखवायचा असेल तेव्हा.

वेळेशी खेळ हा आणखी एक प्रकार. फोनवर सेकंदाला २४० चौकटी, म्हणजे सुटी चित्रं, टिपून ३० च्या गतीने दाखवल्या की हालचाल आठपट संथ होते. शिमग्यातली पालखी नाचवताना हल्ली सर्रास असं करतात. दृश्य भव्य होतं, गुलाल तरंगतो, पण पालखीचा जीव ढोलाच्या ठेक्यात आणि खांदे बदलण्याच्या चपळाईत असतो. संथ केल्यावर ती धांदल, ती एकमेकांना सावरून घेण्याची कसरत जाते आणि उरतं एक गंभीर, देखणं, मुकं चित्र. मला ते पटत नाही. एखादा क्षण संथ करावा, अख्खी पालखी नको.

चौकटीचा आकारही अर्थ ठरवतो. फोन उभा धरला की माड आणि एकटा माणूस छान बसतो, आणि क्षितिज तुकड्याएवढं उरतं. समुद्राचं रुंदपण उभ्या चौकटीत मावत नाही. ड्रोनचं उलटं. वरून सगळं नकाशासारखं नीट दिसतं, खाडीचं वळण, वाळूचा दांडा, आणि माणसं ठिपके होतात. जमिनीच्या दलालाच्या जाहिरातीत ड्रोन का आवडतो ते यावरून कळेल.

आता अभिनय, आणि तो समजायला दशावतारासारखी जागा नाही. कार्तिकापासून सिंधुदुर्गातल्या जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्रभर नाटक चालतं. नेपथ्य जवळजवळ नाही. एक बाक असतो. राजा बसला की सिंहासन, विरहिणी टेकली की वनातली शिळा. लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं आणि संवाद नट तिथल्या तिथे बोलतात. बायकांची कामं परंपरेने पुरुषच करतात. मग पुरुषाची बाई कशी होते? नुसत्या साडीने होत नाही. वळताना आधी मान वळते आणि मग खांदा, पाऊल लहान पडतं, बोलताना हात छातीपाशी राहतो. शेवटच्या रांगेतल्या, कांबळं पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यालाही ते दिसलं पाहिजे, म्हणून प्रत्येक हालचाल मोठी आणि पुरती. रंगभूषाही तशीच, पन्नास फुटांवरून वाचता येईल एवढी ठळक. पूर्वी गॅसबत्तीच्या उजेडात हे सगळं व्हायचं. त्या उजेडासाठीच तो रंग घडलेला आहे.

हाच नट कॅमेऱ्यापुढे दोन फुटांवर आणला तर? दशावतारात भुवई इंचभर वर गेली तर ती पोचते. क्लोज-अपमध्ये तीच भुवई पडद्यावर हातभर वर जाते आणि अभिनय आरडाओरडा वाटतो. कॅमेरा प्रेक्षकाला नटाच्या नाकाशी नेऊन बसवतो, म्हणून तिथे पापणी लवण्यालाही वजन येतं. जाणकार नट आधी विचारतो, ‘शॉट केवढा आहे?’ कमरेपर्यंत असेल तर हात बोलू शकतात, फक्त चेहरा असेल तर विचार पुरतो, डोळ्यांतून तो दिसतोच. यावरून रंगमंचाचा अभिनय भडक आणि सिनेमाचा अस्सल अशी प्रतवारी लावणं अन्यायाचं आहे. अंतर वेगळं, म्हणून माप वेगळं. जत्रेतला व्हिडिओ बघून ‘ओव्हरॅक्टिंग’ म्हणणाऱ्यांनी तो नट दोन फुटांवरून बघितला, त्याने काम केलं होतं ते पन्नास फुटांसाठी.

म्हणून दशावताराचं चित्रण करायचं असेल तर सगळा वेळ चेहऱ्यात घुसू नका. अख्खा नट, बाक आणि प्रेक्षकांची पहिली रांग चौकटीत राहील एवढं अंतर ठेवा. युद्धाच्या नाचात पाय कापले तर काहीच उरत नाही. जवळ जायचं असेल तर पडद्यामागे, नट स्वतःचा चेहरा रंगवत असतो तेव्हा, परवानगी विचारून जा. आणि काळ्या वेशातला राक्षस, संकासुर, आला की एक गोष्ट नक्की करा. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. काळं खूप दिसलं की तो चित्र उजळ करतो, आणि संकासुर राखाडी होतो, मागचे दिवे फटफटीत पांढरे होतात. फोनवर त्याच्यावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा, काळं काळं दिसेपर्यंत.